पडद्यामागचा झंझावात

डिटेक्टिव्ह झंझावात 19 महिने एका मखमली पडद्यामागे उभा होता, आणि त्याला तिथे मीच उभं केलं होतं. प्रकरण सातवं. रात्रीचे पावणेबारा, बाहेर मुसळधार पाऊस (पाऊस बाहेरच पडतो हे मलाही कळतं, पण या कथांमध्ये 'बाहेर' लिहावंच लागतं, नाहीतर भिजल्यासारखं वाटत नाही), दिवाणखान्यात रावबहादुरांचं प्रेत, टेलिफोनची वायर कापलेली, दिवे गेलेले, आणि "तेवढ्यात पडद्यामागून" एवढं टाइप केलं आणि माझा फोन वाजला. आईचा होता. "अगं, बाबा काहीतरी विचित्रच बोलतायत, चष्म्याला छत्री म्हणतायत." मी लॅपटॉप तसाच मिटला. क्रियापद राहिलं, पूर्णविराम राहिला, झंझावात राहिला.

मी विडंबनं लिहिते. असं सांगितलं की लोक जरा सावध होतात, आता आपली टर उडवणार की काय म्हणून. पण मी माणसांच्या वाटेला जात नाही, मी प्रकारांच्या वाटेला जाते. म्हणजे रहस्यकथा, भयकथा, ती ऐतिहासिक कादंबरी जिच्यात घोडा फुरफुरल्याशिवाय प्रकरणच सुरू होत नाही, ते प्रवासवर्णन ज्यात लेखक डोंगर बघून आधी निःशब्द होतो आणि मग चाळीस पानं बोलतो. पोटापाण्यासाठी दुसरं काम करते, हे आपलं रात्रीचं, मित्रमैत्रिणींना आणि नातेवाइकांना पाठवायचं, आठवड्याला एक प्रकरण. आणि एक सांगते, ज्या प्रकाराचं विडंबन करायचं तो मनापासून आवडावा लागतो, नुसता राग असून भागत नाही. अत्र्यांनी केशवकुमार हे नाव घेऊन 1925 साली 'झेंडूची फुले' काढलं तेव्हा ज्या कवींची त्यांनी उडवली त्यांचं वृत्त, यमक, हेल, लाडके शब्द सगळं त्यांनी आधी घोटून घेतलेलं होतं. त्याशिवाय जमतच नाही ते. वृत्त चुकलेलं विडंबन म्हणजे दुसऱ्याची नक्कल करायला उठावं आणि आपलाच घसा बसावा.

तर रहस्यकथेचं वेड मला बाबांकडून आलं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यातल्या निम्म्या आपण वाचल्यात असा बाबांचा दावा होता, तो खोटा ठरवायला आमच्याकडे काही साधन नव्हतं. झुंजार आणि काळा पहाड हे अर्नाळकरांचे नायक आमच्या घरात काका लोकांसारखे वावरायचे. आता बाबांची एक वाईट खोड होती, ती म्हणजे पेन्सिल. पुस्तक वाचनालयाचं असलं तरी खुनी ओळखला की हे पहिल्या पानावर, अगदी बारीक सुवाच्य अक्षरात, 'खुनी: डॉक्टर' असं लिहून ठेवायचे. पुढच्या वाचकाचा वेळ वाचावा म्हणून! एकदा वाचनालयवाल्यांनी पुस्तक घेताना टेबलावर खोडरबर ठेवलं आणि एक शब्द न बोलता बाबांकडे बघत बसले. बाबांनी पण एक शब्द न बोलता खोडलं. मग घरी येताना मला म्हणाले, "डॉक्टरच होता पण."

झंझावात अर्थातच त्यांच्यासाठी सुरू झाला. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्रीबुवांनी, जे स्वतःही रहस्यकथा लिहायचे, 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले होते. भुताखेतांनी कोडं सोडवायचं नाही, गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकापेक्षा जास्त ठेवायची नाही, आधी कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत, वगैरे. मी तो कागद समोर ठेवून एकेक नियम भक्तिभावाने मोडायचे. आमच्या रावबहादुरांच्या बंगल्यात सहा गुप्त वाटा होत्या आणि त्या सगळ्या एकमेकींतच उघडायच्या, त्यामुळे झंझावातचा साहाय्यक बारकू तिसऱ्या प्रकरणात आत शिरला तो पाचव्या प्रकरणापर्यंत फिरतच होता. माळी जुळा होता, माळ्याचा भाऊ पण जुळा होता पण दुसऱ्याच कोणाशी. बाबा हे मोठ्याने वाचायचे आणि मध्येच थांबून चष्मा पुसायचे, म्हणजे समजायचं की हसलेत.

सात प्रकरणं झाली तेव्हा मी त्यांना सगळ्याची प्रिंट काढून दिली होती, एकसलग वाचायला. शेवटचं सातवं अर्धंच होतं. दोन दिवसांनी म्हणाले, "मला कळलंय." म्हटलं काय? "खुनी. सांगणार नाही, आठवं लिही मग सांगतो." आणि चौथ्या दिवशी तो चष्मा-छत्रीचा फोन.

पुढचे 11 महिने मी थोडक्यात सांगते कारण ते लांबलचक होते. स्ट्रोक, मेंदूच्या डाव्या बाजूला, उजवा हात गेला आणि शब्द गेले. अफेझिया म्हणतात त्याला. माणसाला बरेचदा सगळं कळत असतं, पण शब्द काढायला गेलं की भलताच हाताला लागतो. आयुष्यभर खुन्याचं नाव पहिल्या पानावर सांगणारा माणूस, त्याला पाणी म्हणता येईना. पण गंमत म्हणजे (आता गंमत म्हणते, तेव्हा काही गंमत नव्हती) पाठांतर शाबूत होतं. डॉक्टर म्हणाले असं होतं, आकडे मोजणं, पाठ श्लोक, गाणी आणि शिव्या हे बरेचदा वाचतं. मनाचे श्लोक 205 आहेत, बाबा पहिले अकरा न अडखळता म्हणायचे आणि बाराव्याला आम्हा सगळ्यांकडे रागाने बघायचे. आणि दुसरं जे वाचलं ते म्हणजे 'गाढव'. हा त्यांचा जुना आवडता शब्द, खणखणीत, एकदम स्पष्ट. भूक लागली, गाढव. पंखा बंद करा, गाढव. फिजिओथेरपीवाला आला, गाढव, पण तो बिचारा जात्याच नम्र होता, रोज नमस्कार करायचा. मी नंतर वाचलं की 1861 साली पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ज्या पेशंटवरून या प्रकाराची मेंदूतली जागा दाखवली, तो माणूस जवळपास फक्त 'टॅन' एवढंच बोलायचा, त्यामुळे त्याचं नावच टॅन पडलं होतं. त्या मानाने आमचा शब्द भारदस्त होता.

एकदा संध्याकाळी मी सहज विचारलं, "बाबा, खुनी कोण हो?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, अर्ध्या चेहऱ्याने हसले आणि म्हणाले, "गाढव." मी उशी सरळ केली. मला वाटलं उशी टोचतेय.

असो. बाबा गेले. आणि मग सुरू झाली ती कागदांची रांग.

लोकांना वाटतं माणूस दुःखात असला की त्याला विनोदी लिहिता येत नाही कारण तो रडत असतो. मी रडत बिडत नव्हते, मला वेळच नव्हता, मी अर्ज लिहीत होते. विम्याच्या क्लेमचे, खातं बंद करायचे, नाव कमी करायचे, नाव चढवायचे, आधी कमी केलेलं नाव चुकीचं कमी केल्याचे. आठ महिने मी दुसरं काही लिहिलंच नाही. आणि हाताला ज्याची सवय लागते तेच हातातून उतरतं, हे मला त्या दिवशी कळलं ज्या दिवशी मी पहिल्यांदा हिंमत करून झंझावातची फाइल उघडली. आठवं प्रकरण म्हणून जे काही बाहेर पडलं ते असं:

"महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की दिनांक मजकुरी रात्री पावणेबारा वाजता दिवाणखान्यात एक प्रेत आढळून आले असून सदर प्रेत आपल्या माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी सोबत जोडले आहे. तसेच पडद्यामागे उभ्या असलेल्या इसमाचा ओळखीचा पुरावा मिळून आलेला नाही. तरी त्यास तेथेच उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सोबत: प्रेताची झेरॉक्स, 2 प्रती, स्वसाक्षांकित."

मी हे परत वाचलं आणि लॅपटॉप मिटला. म्हटलं संपलं आपलं. ताईला फोन करून हे वाचून दाखवलं, तक्रार म्हणून बरं का, बघ माझी काय अवस्था झालीये, तर ती 'स्वसाक्षांकित'ला जी सुटली ती फोन ठेवून परत करायला लागला. मला तेव्हा तिचा राग आला होता. मी विनोद केलेलाच नव्हता!

या काळात हितचिंतकांचे दोन पक्ष पडले होते. एक 'लिही, मन रमेल' पक्ष. हे लोक मन म्हणजे अंगणात सोडलेलं लहान मूल असल्यासारखं बोलतात. आणि दुसरा 'एवढ्यात?' पक्ष. मी कुठे जरा खदखदून हसले की यांची भुवई वर. किती महिन्यांनी कितपत हसलेलं चालतं याचा काही तक्ता असेल तर तो मला कोणी दाखवला नाही, पण यांच्याकडे असावा. मला स्वतःला विचाराल तर अडचण वेगळीच होती. विडंबनाला कान लागतो. समोरचं वाक्य कुठे फुगलंय, कुठे तेच ते वळण घेतंय, हे ऐकू यावं लागतं, आणि माझे कान जणू कोणीतरी बूच लावून ठेवले होते. भयकथा वाचायला घेतली तर 'दार करकरलं' वाचून मला वाटायचं, तेल घालून घ्यायला हवं. बस, एवढंच. त्यापुढे काही नाही.

मधल्या काळात स्वतःची समजूत काढायला एक उदाहरण सापडलं होतं. सर्वांतेस, स्पेनचा कादंबरीकार. शूर सरदारांच्या अद्भुत कथांची टर उडवणाऱ्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग 1605 साली आला आणि दुसरा थेट 1615 मध्ये. दहा वर्षं! माझे तर 19 महिनेच. त्या दहा वर्षांत झालं काय, तर 1614 मध्ये दुसऱ्याच कोणीतरी टोपणनावाने पुढचा भाग परस्पर लिहून छापून टाकला. सर्वांतेस असा भडकला की त्याने आपल्या खऱ्या दुसऱ्या भागात त्या खोट्या पुस्तकाची यथेच्छ धुलाई केली, आणि खोटा किहोते झारागोझाला गेला होता म्हणून खऱ्या किहोतेने ऐन वेळी तिकडे जायचं रद्द करून बार्सिलोना गाठलं. मी हे सगळ्यांना सांगायचे आणि वर म्हणायचे, बघा, माझ्या झंझावातची चोरी करायला पण कोणी येत नाही.

बोलू नये माणसाने.

भाचा आला. ताईचा मुलगा, वय वर्षं 17, मनाने फार चांगला. म्हणाला, "मावशी, तुला सरप्राइज आहे. आठवं प्रकरण रेडी आहे." याने माझी सात प्रकरणं एआयला घातली होती आणि पुढचं लिही म्हणून सांगितलं होतं. अर्ध्या मिनिटात आलं म्हणे. मी वाचायला लागले.

"पडद्यामागे उभ्या असलेल्या झंझावातला त्या क्षणी उमगलं. बाहेर पाऊस पडत नव्हता, आठवणी पडत होत्या. खुनी कोणी व्यक्ती नव्हती. खुनी होतं मौन. न बोललेल्या शब्दांचं, न पुसलेल्या अश्रूंचं, न उघडलेल्या दारांचं."

मी दोन मिनिटं काही बोलले नाही, त्यामुळे भाच्याला वाटलं मावशी हलली आतून. हलले होतेच. "मौन?" मी म्हटलं. "मौनाने रावबहादुरांच्या डोक्यात फुलदाणी घातली? मौनाला हातकड्या कुठे घालणार? आणि नॉक्सचा पहिलाच नियम आहे, खुनी कथेत सुरुवातीलाच येऊन गेलेला पाहिजे, तुझं हे मौन पहिल्या प्रकरणात होतं कुठे? आमच्या पहिल्या प्रकरणात सगळे नुसते किंचाळतायत!" तो म्हणाला, "अगं पण डीप आहे ना." म्हटलं, "विहीर पण डीप असते, तिच्यात झंझावात दुसऱ्या प्रकरणात पडून झालाय. जो माणूस दीड वर्षाच्या वर पडद्यामागे ताटकळलाय त्याला तुम्ही चिंतन करायला लावता? त्याला आधी शी-शू तरी विचारा!"

भाचा हसायला लागला. आणि माझ्या लक्षात आलं की मी कानाने ऐकतेय. तिन्ही 'न' मला ऐकू आले होते, एकामागोमाग एक, ठरलेल्या ठेक्यात, 'हे नव्हतं, ते होतं' हे वळण पण ऐकू आलं होतं, आणि मी मनातल्या मनात त्याच ठेक्यात पुढचं रचत होते, न भरलेल्या बिलांचं, न सापडलेल्या चपलांचं. बूच निघालं होतं. रागाने का होईना.

त्या रात्री बसले. पहिली अडचण दोन मिनिटांत कळली, ती म्हणजे खुनी कोण हे मला आठवेना. सात प्रकरणं परत वाचली. सगळेच संशयित. सरोजिनीबाई रात्री अकराला हातमोजे घालून विणकाम करतायत, का, माहीत नाही. डॉक्टरांच्या बॅगेत स्टेथोस्कोप सोडून सगळं आहे. माळ्याच्या बुटाला लाल माती, बंगल्याभोवती माती काळी. एवढे दुवे पेरलेत म्हणजे मी काहीतरी ठरवलं असणारच ना! वही शोधली, तिच्यात एकाच ठिकाणी नोंद होती, 'खुनी: नीट विचार करून ठरवणे', खाली दोन रेघा. म्हणजे जगात एकाच माणसाला खुनी माहीत होता आणि त्याने सांगितला नव्हता. आठवडाभर मी बाबांच्या डोक्याने विचार करायचा प्रयत्न केला. ते म्हणाले असते डॉक्टर. पण ते नेहमीच डॉक्टर म्हणायचे.

आणि अशात विमावाल्यांचं पत्र आलं. सहावं. औषधांची बिलं मूळ प्रतीत हवीत, आणि क्लेम फॉर्मच्या तिसऱ्या पानावर पेशंटची सही राहिली आहे, ती घेऊन पाठवावी. सोबत मृत्यूचा दाखला मिळाल्याची पोच. दोन्ही एकाच पत्रात, एकाखाली एक. याआधीची पाच पत्रं वाचून मी दात-ओठ खाल्ले होते. या वेळी वाचता वाचता ठेका धरला गेला, लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, बाबांचे ते अकरा श्लोक ऐकून ऐकून त्यांचं भुजंगप्रयात वृत्त माझ्या अंगात मुरलं होतं ते आता बाहेर आलं:

पुन्हा पाठवा हो बिले औषधांची
सही ही हवी त्यावरी रोगियाची
जरी रोगि गेला तरी फॉर्म राही
भरा, फॉर्मला मृत्यु ठाऊक नाही

प्रत्येक ओळीत बारा अक्षरं, मोजून घ्या. मी उभ्या उभ्या चार वेळा म्हटलं. आई आतून म्हणाली, "कोण म्हणतंय गं श्लोक?" आणि बाहेर आली. तिला ऐकवला. ती आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला, मग म्हणाली, "पाठव त्यांना हाच." पाठवला नाही, क्लेम अडकलाय अजून.

पण बिलं शोधायला मला ती हॉस्पिटलची निळी प्लास्टिकची फाइल काढावी लागली, जी मी आठ महिने कपाटाच्या वरच्या फळीवर उलटी ठेवली होती. एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि या सगळ्याच्या मध्ये स्टेपल केलेले 46 कागद. झंझावातची प्रिंट. पहिल्या दिवशी निघताना टेबलावरचे सगळे कागद कोणीतरी गोळा करून आत कोंबले असणार. म्हणजे रावबहादुरांचं प्रेत 11 महिने प्रत्येक तपासणीला आमच्याबरोबर येत होतं. कोणा डॉक्टरने चुकून वाचलं असेल तर त्याने काय निदान केलं असेल, देव जाणे.

समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. दुसऱ्या प्रकरणात, 'विहिरीत पडला तर पाचव्या ओळीत कपडे कोरडे कसे?' सातव्यात 'मखमली' या शब्दाभोवती चार गोल आणि शेजारी, 'पुरे.' मला पहिलं पान उलटायचा धीर होईना, मी शेवटाकडून पुढे आले. उलटलं शेवटी. वरच्या उजव्या कोपऱ्यात, स्ट्रोकच्या आधीचं ते बारीक सुवाच्य अक्षर:

'खुनी: हिला स्वतःलाच अजून माहीत नाही. गाढव.'

मी खाली बसले, फरशीवरच, कपाटाचं दार उघडं टाकून. किती वेळ ते माहीत नाही, आई येऊन बघून गेली. मग उठून लॅपटॉप घेतला, ते 'मखमली' तीन ठिकाणी उडवलं, एक राहू दिलं, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे टाइप केलं.

तेवढ्यात पडद्यामागून झंझावात विजेसारखा बाहेर झेपावला, पण इतका वेळ उभं राहून त्याचे दोन्ही पाय बधिर झाले होते, त्यामुळे तो धाडकन रावबहादुरांच्या प्रेतावर कोसळला.

"आई गं," प्रेत म्हणालं.